रबरी गांडूळ आणि नबीलालची मरळ

"येत्या रविवारी नबीलाल प्रवरेतनं मरळ काढनार म्हंजी काढनार! लिहून ठेवा!"

मच्छिंद्रने अमृतच्या चहाच्या टपरीवर ही घोषणा केली आणि टेबलावर अशी थाप मारली, की तीन कप बशीत सांडले. लिहून कोणीच घेतलं नाही. कारण नबीलाल दिवाळीपासून घराचा उंबरा ओलांडून बाहेर आलेला नाही, हे सगळ्या कोल्हारला ठाऊक होतं.

नबीलाल म्हणजे मोटार रिवाइंडिंगवाला. विहिरीवरची जळालेली मोटार उघडून तिच्यात तांब्याची तार अशी भरायचा, की कंपनीवाल्यांनी येऊन बघत बसावं! दिवाळीच्या सुमारास त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, पण उजवा हात राहिला तो राहिलाच. तेव्हापासून तो खाटेवर बसून समोरची भिंत बघायचा. त्याची बायको खातून म्हणायची, "भाऊ, भिताडाला पोपडे किती हायेत ते यास्नी पाठ झालंय. माझ्याशी मातर दोन शब्द बोलत न्हाईत."

चाळीस वर्षं मच्छिंद्र आणि नबीलाल बंधाऱ्याखाली मासे धरत आले होते. कामाची वाटणी ठरलेली. गळाला गांडूळ ओवायचं, गळ टाकायचा, मासा ओढायचा, त्याच्या तोंडातून गळ सोडवायचा, हे सगळं नबीलालचं. पिशवी धरायची आणि अखंड बोलायचं, हे मच्छिंद्रचं! साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला ही दोन्ही कामं छान जमत.

आता वळवळणारं गांडूळ एका हाताने गळात ओवायचं कसं? मच्छिंद्र म्हणाला, "मी लावून देतो की!" त्यावर नबीलालने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याने घास भरवण्याची भाषा केली.

"दुसऱ्यानं लावून द्यायचं आन मी नुसतं धरून बसायचं? मग मी कशाला पायजे? तिथं धोंडा ठिवला तरी चालंल."

हे बोलणं मच्छिंद्रच्या मनाला फार लागलं. मासे खाण्याचं त्याला तसं वेड नव्हतंच. बंधाऱ्यावर शेजारी नबीलाल बसलेला असला, की त्याला आपला दिवस कारणी लागल्यासारखा वाटे. तीन महिने तो एकटाच नदीवर जाऊन बोलून आला, पण ऐकायला कोणी नसताना बोलण्यात काही राम नाही, हे त्याला कळून चुकलं.

आणि मग मोबाईलवर त्याला रबरी गांडूळ सापडलं! मऊ, लवचिक, पाण्यात खऱ्यासारखं शेपूट हलवणारं. परदेशात म्हणे त्याच्यावर हे एवढाले मासे धरतात. एकदा गळात ओवलं, की दिवसभर पुन्हा हात लावायला नको. मच्छिंद्रने ताबडतोब दोन पाकिटं मागवली. घरी बसून एकेक गांडूळ गळात ओवलं, गळाचं टोक गवतात अडकू नये म्हणून रबरातच लपवलं, आणि हे करताना स्वतःची बोटं इतक्यांदा टोचून घेतली, की त्याच्या बायकोने, राहीबाईंनी, हळदीचा डबाच त्याच्यापुढे आणून ठेवला.

"अहो, मासं धरायला चाललाय का रगत दान करायला?"

"तुला न्हाई कळायचं! नबीलालला सांगायचं, कंपनीतनंच गळात ओवून येतंय. मग त्याला कुनी लावून दिलं असं वाटनार न्हाई!"

मच्छिंद्रने वजनकाट्याच्या सवयीने वहीत रकाने आखले. निवळ पाणी, हिरवट गांडूळ. गढूळ पाणी, काळं. थंडी असेल तर अगदी हळू ओढणे. ऊन असेल तर सावलीत टाकणे. वारा असेल तर दोरीला शिशाचं वजन जड लावणे. परीक्षेला बसल्यासारखं त्याने ते सगळं पाठ केलं आणि नबीलालला न सांगता तीन आठवडे नदीवर सराव केला. तीन आठवड्यांत गळाला लागलं काय? त्याची स्वतःची टोपी, बाभळीची फांदी, कोणाची तरी एक चप्पल, आणि अंगणात सराव करताना राहीबाईंचं वाळत घातलेलं लुगडं! मासा एकही नाही.

घोषणा तर करून बसला होता. शिवाय नबीलालही कसाबसा "बरं, येतो" म्हणाला होता. चार महिन्यांनी माणूस बाहेर पडणार आणि रिकाम्या हाताने परतणार, तर तो पुन्हा उठायचा नाही, या विचाराने मच्छिंद्रला घास गोड लागेना. म्हणून शनिवारी तो गुपचूप राहुरीला गेला आणि मासे विकणाऱ्या दगडाबाईकडून एक जिवंत मरळ घेऊन आला. मरळ मोठी चिवट, ओल्या गोणपाटात तासन् तास जगते.

"कापून देऊ का?" दगडाबाईने विचारलं.

"नको! जित्तीच पायजे! तिला अजून काम हाय!"

दगडाबाईने जन्मात असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी पाणी आरशासारखं निवळ होतं. नबीलाल दगडावर बसला, दांडा त्याने उजव्या काखेत दाबला आणि डाव्या हाताने रीळ फिरवू लागला. हिरवं गांडूळ पाण्यात पडलं. मच्छिंद्र "जरा लघवीला जाऊन येतो" म्हणून पिशवी घेऊन खालच्या अंगाला लव्हाळ्यात शिरला. गुडघाभर पाण्यात बसून काठीने नबीलालची दोरी ओढून घेतली, मरळीला घट्ट धरलं आणि गळ बसला तिथे अडकवून दिलं सोडून. मरळीने जाताना शेपटीने त्याच्या थोबाडीत अशी दिली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मच्छिंद्रा! लागली! आरं लागली रे!"

नबीलालचा तो आवाज! चार महिन्यांत तो कोणी ऐकला नव्हता. डावा हात रिळावर गरागरा फिरत होता, टोपी खाली पडली होती. मच्छिंद्र चिखलाने माखून धावत आला आणि नाचायला लागला. बंधाऱ्यावरून जाणाऱ्या अमृतने मोबाईल काढून सगळं टिपलं. दुपारच्या आत तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर होता. "नबीलालभाईंची कमाल! रबरी गांडुळाने अडीच किलोची मरळ!"

इथपर्यंत सगळं झकास होतं. इथेच थांबलं असतं, तर मच्छिंद्र आयुष्यभर गालात हसत राहिला असता!

पण सोमवारपासून नबीलालच्या दारात माणसं येऊ लागली. गढूळ पाण्यात कोणता रंग? थंडीत किती हळू? नबीलालने खाट भिंतीकडून दाराकडे वळवली, दाढी नीट कातरून घेतली आणि मच्छिंद्रची वही मांडीवर घेऊन तो सगळ्यांना समजावू लागला. खातून दिवसभर चहा करून दमली आणि दमून इतकी खूश झाली, की मच्छिंद्रला बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मच्छिंद्र मात्र चहा तसाच ठेवून घरी जाई. गुरुवारपर्यंत निम्म्या कोल्हारने रबरी गांडुळं मागवली होती आणि कोणाच्याही गळाला साधी चिलापी मासळीसुद्धा लागत नव्हती.

शुक्रवारी देवळाली प्रवराहून वैजनाथ आला. त्याच्याकडे स्वतःचं शेततळं आणि तीन भारी दांडे होते. त्यामुळे त्याचा जगात कोणावरच विश्वास नव्हता.

"व्हिडिओत काय, कुनीबी कायबी दाखवतं! समोर काढून दाखवा की!"

"रविवारी ये," नबीलाल शांतपणे म्हणाला.

शनिवारी मच्छिंद्र पुन्हा राहुरीला! दगडाबाईने त्याला बघताच न विचारता जिवंत मरळ गोणपाटात गुंडाळली. पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. एवढ्या लोकांसमोर लव्हाळ्यात शिरणार कसा? आणि पकडला गेलो तर हसं माझं नाही, नबीलालचं होणार! पहाटेच त्याने ठरवलं, की खरं सांगून टाकायचं. मग नबीलाल पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला तरी चालेल, पण चारचौघांत त्याची फजिती नको.

नबीलाल टोपी घालून तयारच बसला होता.

"नबीलाल, मला एक सांगायचंय."

"पिशवीत काय हाय ते?"

पिशवी हलत होती. मच्छिंद्रने मान खाली घातली. "मरळ."

"मागच्यापरीस मोठी हाय का बारकी?"

मच्छिंद्रने दचकून वर पाहिलं. "म्हंजी... तुला ठावं व्हतं?"

"आरं, तिच्या हनवटीखालनं गळ गेल्ता! चाळीस वर्सात हनवटीनं गांडूळ खानारा मासा मी बघितला न्हवता."

"मग बोलला का न्हाईस?"

नबीलालने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "चार म्हैनं समदी मान्सं माझ्याशी खरंच बोलत व्हती. डाक्टर खरं बोलला, पोरगं खरं बोललं, खातूनबी खरंच बोलली. हात आता येनार न्हाई, म्हनून. तू एकटा गार पान्यात बसून माझ्यापायी लबाडी केलीस. मला लई बरं वाटलं."

मच्छिंद्रने पिशवीची गाठ पुन्हा आवळली. "मग आज कसं करायचं?"

"आज नुसतं टाकू. लागलं तर लागलं."

"आन न्हाई लागलं तर? तो वैजनाथ हसंल!"

"हसू दे. घरात बसून तर हसायलाबी कुनी न्हवतं."

नदीवर ही गर्दी! भंडारदरा धरणातून शेतीसाठीच्या पाण्याचं आवर्तन आदल्या दिवशी सुटलं होतं, त्यामुळे पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. नबीलालने काळं गांडूळ निवडलं आणि डाव्या हाताने अगदी हळू, खरं तर त्याहून जोरात जमत नव्हतं म्हणून, रीळ फिरवायला सुरुवात केली. अर्धा तास गेला. तासही गेला. माणसं जांभया देऊ लागली, वैजनाथ शीळ घालू लागला. मच्छिंद्र घामाघूम झाला. तशीच बरोबर आलेल्या पिशवीतली मरळ सुकू नये म्हणून तो गोणपाट भिजवायला पाण्याकडे वळला, आणि नेमकी तेव्हाच नबीलालच्या हातातली दोरी ताणली!

आली! काळी, चकचकीत, तडफडणारी मरळ! वीतभर लांबीची.

"एवढीशीच?" वैजनाथ म्हणाला आणि सगळे हसले. अमृतनेसुद्धा मोबाईल खाली केला.

नबीलाल हसला नाही. त्याने मरळीकडे पाहिलं, मग ओल्या हाताने उभ्या असलेल्या मच्छिंद्रकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हीबी तूच लावलीस ना?"

"न्हाई रे! आईच्यान न्हाई!"

"खरं सांग. मला राग न्हाई यायचा. पान्याकडं गेल्तास ना आत्ता?"

"आरं, गोनपाट भिजवायला गेल्तो!"

"बरं," नबीलाल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, की त्याचा विश्वास बसलेला नाही. मित्राला वाईट वाटू नये म्हणून तो नुसता बरं म्हणत होता! पहिली खोटी मरळ याने गोड मानून घेतली, आणि ही खरी, याच्या स्वतःच्या हाताची, ही आता खोटी ठरणार? मच्छिंद्रने पुढचामागचा विचार केला नाही. पिशवीत हात घातला आणि सगळ्या गावासमोर ती दुसरी जिवंत मरळ वर उचलून धरली.

"ही बघ! माझी ही हितं हाय! राहुरीच्या बाजारातनं आनलेली! मागची मी लावली व्हती, लोकं हो, मी! लव्हाळ्यात बसून! पन ही बारकी माझी न्हाई! ही खरी हाय!"

तेवढ्यात बाजारच्या मरळीने एक झटका दिला, मच्छिंद्रच्या हातातून ती सटकली, त्याच्या पायावरून उडून प्रवरेत गेली, आणि तिला पकडायला मच्छिंद्रही तिच्या मागोमाग गेला!

हसून हसून माणसं खाली बसली. वैजनाथला उचकी लागली. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मच्छिंद्र फक्त नबीलालकडे बघत होता. नबीलालने अंगठ्याने त्या वीतभर मरळीचं तोंड उघडलं, आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"खाल्लंय रे हिनं," तो म्हणाला. "तोंडानं खाल्लंय." आणि त्याने डाव्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले.

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. त्यात नबीलालची मरळ कुठेच नव्हती. होता फक्त मच्छिंद्र, "मी लावली व्हती" असं ओरडत नदीत पडणारा. राहीबाईंनी तो नऊ वेळा बघितला आणि माहेरीही पाठवला. नवव्यांदा मच्छिंद्र पाण्यात पडत असतानाच नबीलालचा फोन आला.

"बघितलास का व्हिडिओ?" मच्छिंद्रने ओशाळून विचारलं. "तुझी मरळच न्हाई रे त्यात!"

"मी बघितलीय ना तिला, मग झालं," नबीलाल म्हणाला. "पानी दोन दिसांत निवळंल. बुधवारी मीच येतो तुझ्या दाराशी, हाळी मारतो. आन हे बघ, त्याच्याआधी बाजारात जाऊ नको!"