बासष्ट शिलाई मशीनचं बेट

ताबुआ बेटावरच्या दारिद्र्याची अधिकृत मोजणी मंगळवारी सकाळी नऊ वाजता सुरू झाली. राजधानीहून आलेले निरीक्षक तेआबो यांच्या तक्त्यात कसोटी एकच : घरात शिलाई मशीन आहे की नाही.

बेटावर मशीन एकच, नेई तिरीबाचं. तिचं घर पहिलं. निरीक्षकांनी खूण केली, शहाळं संपवलं, तोवर शेजारीण मागून हजर.

"तिरीबा, मशीन दे गं. पाहुण्याला रिकामं घर दाखवू होय?"

मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही बेटाची रीत. तिरीबाने दिलं. मग निरीक्षक रस्त्याने आणि मशीन माडांच्या आडून, अशी दिवसभर वरात चालली. संध्याकाळपर्यंत बासष्ट घरं, बासष्ट मशीन. वाहणाऱ्यांच्या कंबरा गेल्या, पण अब्रू राहिली.

"सगळ्यांची एकसारखीच कशी?" निरीक्षकांनी कौतुकाने विचारलं.

"आमच्यात भेदभाव नसतो," म्हातारे पंच म्हणाले.

महिन्याभरात बेट दारिद्र्यमुक्त जाहीर झालं. त्याच आठवड्यात तिरीबाच्या लेकीला नववा लागला आणि पोर आडवं असल्याचं सुईणीने सांगितलं. तिरीबाने वायरलेसवरून दवाखान्याची बोट मागितली.

"मावशी, ती बोट गरीब बेटांसाठी," राजधानीतून तेआबोच बोलले; बोटींचं खातं आता त्यांच्याकडे होतं. "बासष्ट मशीनवाल्यांनी खासगी करावी."

"अरे मेल्या, मशीन एकच आहे! तुझ्या पुढे पुढे फिरवलं आम्ही!"

"असं कसं? माझी बढती झाली त्यावर. बरं, प्रत्येक घराकडून लिहून आणा, 'आमच्याकडे मशीन नाही.' मग बघू."

तिरीबा घरोघर फिरली. कुणी होडी दिली, कुणी शीड, कुणी दोन धट्टेकट्टे मुलगे वल्ही मारायला. सही मात्र एकानेही दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कागदावर कोण उघडणार?

होडी चौथ्या दिवशी दवाखान्याला लागली. लेक वाचली, पोर वाचलं नाही. वार्षिक अहवालात ताबुआपुढे नोंद झाली : दारिद्र्यामुळे दगावलेली बालकं, शून्य.

एवढं वाचून त्या बेटावरच्या लोकांना खुळे म्हणायला तुमची जीभ वळवळत असेल. खुशाल म्हणा. फक्त त्याआधी आठवा, तुमच्या घरी मुलगी बघायला मंडळी आली होती, तेव्हा कपबशा कुणाच्या होत्या?