मुलाणींची झडप

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकातून बघायचं, तर मुलाणी दहा सेकंद देत. तोंडाने मोजत. दहा झाले की उजेडाची झडप बंद. मग बघणारे प्राचार्य का असेनात.

मुलाणी प्रयोगशाळेतले सहायक. लाडकं काम एकच: कांद्याच्या जिवंत पापुद्र्यात चमकणारा रंग सोडायचा. तो पेशीतल्या ठरावीक कणांनाच चिकटतो. निळा उजेड टाकला की तेवढेच कण हिरवे उजळून पळताना दिसतात. आम्ही डॉक्टरेटवाले पेशी आधी मारून मग निवांत रंगवायचो. "मेल्याला कोण बी रंगवंल, सर," मुलाणी म्हणत. फार उजेडाने रंग विझतो, पेशीही मरते, म्हणून हा पहारा. "टीव्ही हाय व्हय त्यो, बघत बसायला?"

एवढं कळणारा माणूस विभागात असणं आम्हा विद्वानांना गैरसोयीचंच होतं. मी तर विभागप्रमुख. बाटलीवरचं नाव मी झोकात वाचायचो. आत काय आहे ते मुलाणी सांगत.

पुढे तपासणी समिती यायची ठरली. तिला जिवंत पेशी दिसल्या तर यंत्र आमच्याकडे राहणार, नाहीतर संस्थेच्या सांगलीच्या कॉलेजात जाणार. मुलाणींनी सकाळभर खपून काचपट्टी तयार केली आणि ते समितीला आणायला निघाले. तेवढ्यात मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला आत घेतलं. बाप किती मोठा, ते तिला दाखवायचं होतं. मग तिला शाळेच्या रिक्षात बसवायला धावलो. झडप उघडीच राहिली.

समितीने डोळा लावला. नुसता काळोख.

"माझ्याकडनंच उघडी ऱ्हायली," मुलाणी म्हणाले.

मी समितीला चहाचं विचारलं. यंत्र सांगलीला गेलं. मुलाणी भांडारात गेले, खडू वाटायला.

अकरा वर्षं मी गप्प राहिलो. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. एकटेच राहतात, चहाही त्यांनीच टाकला. मी सगळं कबूल केलं.

"ठावं हाय. चष्मा इसरलो म्हणून माघारी आल्तो. दारातच व्हतो."

"मग हटकलं का नाहीत?"

ते कप पुसायला लागले.

"पोरगी त्यातल्या एका कणाला म्हणत व्हती, 'थांब ना, कुठं पळतोस?' मी बी बोलायचो की त्येंच्याशी, सर. इतकी वर्सं. दुसरं कुणी बोलताना पयल्यांदाच ऐकलं."