शिमूलडांग्याचा भूकंप

"मावशी, लग्नाला ये हं. जेवायला तर येच. फक्त वराला ओवाळताना जरा मागे... म्हणजे घरातच थांब," नवरीची आत्या नंदराणी संदेश मिठाईची पुडी ओसरीवर ठेवत म्हणाली.

सुरबालेने पुडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि उलुध्वनी कोण देणार? तू?"

"देतील सवाष्णी मिळून. आता काका गेल्यापासून तुझं..."

"नवरा गेलाय माझा, गळा नाही!"

चाळीस वर्षं शिमूलडांगा या बंगाली खेड्यात सुरबालेच्या उलुध्वनीशिवाय एकही लग्न लागलं नव्हतं. मंगल प्रसंगी बायका काढतात तो 'उलुलुलु' असा गजर करत तिची जीभ हलू लागली की तळ्यातली बदकंसुद्धा माना वर करत. आजची नवरी झुमूर जन्मली तेव्हाही पहिली उलुध्वनी तिचीच होती. आणि त्याच पोरीच्या लग्नात तोंड उघडायचं ते फक्त मैद्याची लुची-पुरी खायला! सुरबालेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जेवायलाही येत नाही जा. आणि माझ्या अंगणात मी काय करायचं, ते मला कुणी शिकवायचं नाही."

लग्नाचा मुहूर्त गोधुलीचा होता. माघातलं धुकं तळ्यावर उतरायला लागलं आणि नेमकी त्याच वेळी सुरबालेची गाय धवली व्यायली. कालवड झाली. घरात लक्ष्मी आली म्हटल्यावर गप्प कोण बसतं? सुरबालेने शंख काढला, तीनदा फुंकला आणि पाच महिने कोंडलेला आवाज मोकळा सोडला.

तळ्यापलीकडे लग्नघरात एकच गलका झाला. "वर आला! वर आला!" बँड वाजायला लागला. नंदराणी ओवाळायचं ताट घेऊन दाराशी धावली. दारात एक कुत्रं शेपूट हलवत उभं होतं.

"वर नाही, मग शंख कुणी फुंकला?" कुणीतरी विचारलं.

लग्नघरातले म्हातारे तारापद आजोबा खुर्चीतून ताडकन उठले. धरणी हलली की गावातल्या बायका शंख फुंकतात आणि उलुध्वनी देतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. "भूकंप! अरे, बाहेर पळा!"

मग काय विचारता! आचारी झारा घेऊन पळाला, भटजी शाळिग्राम घेऊन पळाले. सगळं लग्नघर कापलेल्या भातशेतात जमलं. तिथे घाबरलेल्या बायकांनी खरोखरच उलुध्वनी सुरू केली, ती ऐकून शेजारच्या पाड्यातले शंख वाजले, ते ऐकून बायकांनी आणखी जोर लावला.

सुरबाला घाटावर उभी राहून हे सगळं पाहत होती. आधी तिला हसू आवरेना. मग भेंडाचा पांढरा मुकुट सावरत धसकटांत अनवाणी उभी असलेली झुमूर दिसली आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

तेवढ्यात वराची गाडी आली. सवाष्णींनी तोंडं उघडली, पण सगळ्यांचे घसे बसलेले. नंदराणीच्या गळ्यातून तर बिघडलेल्या पंपासारखी नुसती हवा आली.

गाडीची काच खाली झाली. पांढऱ्या लुगड्यातली वराची आजी बाहेर डोकावली. तिचा खणखणीत आवाज तळं ओलांडून सुरबालेपर्यंत आला. "मघाची ती पहिली उलुध्वनी कुणाची? धुक्यात आम्ही भलत्याच वाटेला लागलो होतो. त्या आवाजाच्या मागावर इथवर पोचलो. ती बाई पुढे आल्याशिवाय माझा नातू गाडीतून उतरायचा नाही!"

नंदराणी तळ्याला वळसा घालून धापा टाकत आली. "मावशी, चल गं," ती घोगऱ्या आवाजात कशीबशी म्हणाली.

"मी विधवा आहे."

"त्यांची आजीही विधवाच आहे. तीच बोलावतेय."

"ती बोलावतेय. तू?"

"मीपण."

"मोठ्याने सांग. पलीकडे ऐकू जाऊ दे."

नंदराणीने सगळा जीव एकवटला. फुसफुस झाली, शब्द काही फुटला नाही.

"राहू दे. गळा तुझाच गेला म्हणायचा." सुरबालेने पदर खोचला, नंदराणीला गोठ्यात नेलं, शंख उचलला आणि ओली, थरथरती कालवड तिच्या बनारसी शालूत ठेवली. "हिला पुसत बस. थंडीत सोडू नकोस, मरेल."

"अगं पण, ओवाळायला मी..."

"वराला ओवाळताना तू जरा मागे, म्हणजे गोठ्यातच थांब," सुरबाला चालता चालता म्हणाली. "जेवायला मात्र येच हं."