उकंडरावांची साफसफाई

आसेगावच्या उकंडरावांच्या रोपवाटिकेला मेच्या पहिल्या पंधरवड्यात रोज सरासरी तीस फोन येत. चार जूनला दोन आले. त्यांतला एक विमा विकणाऱ्याचा होता. रोपे तीच, भाव तोच, नंबरही तोच. मिरचीची चाळीस हजार रोपे ट्रेमध्ये तयार उभी होती आणि पंधरा दिवसांनी ती लावणीजोगी उरणार नव्हती.

रोपवाटिकेची वेबसाइट सून वैजयंतीने उभारली होती. मे महिन्यात ती पंधरा दिवस माहेरी होती, तेवढा काळ साइट सासऱ्यांच्या हाती होती.

"मामाजी, मी नव्हती तवा साइटवर काही बदललं का?"

"काहीच नाही. नजर लागली, दुसरं काय."

सासूबाईंनी, म्हणजे कस्तुराबाईंनी, परसातल्या सात मिरच्या तोडल्या आणि लिंबासह राउटरला बांधल्या. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले.

"पाह्य, एक वाढला," उकंडराव म्हणाले.

"तो मीच लावला होता, मामाजी. फोन चालू हाये का पाह्याले."

मिरच्या तोडताना मात्र कस्तुराबाईंना झाडाची पाने वळलेली दिसली होती. "अवो, आपल्याच झाडाले चुरडा-मुरडा झाला. काय मारा लागते त्यावर?"

औषधाचे नाव उकंडरावांना आठवेना. त्यांनी मोबाइलवर शोधले. पहिले नाव आले शिरपूरच्या रंगरावांच्या रोपवाटिकेचे. उकंडरावांनी बराच वेळ त्या नावाकडे पाहिले आणि शेवटी, वैजयंती समोर असतानाच, स्पीकरवर फोन लावला.

"रंगराव, चुरड्या-मुरड्यावर काय मारता वो?"

"मजाक करता का, उकंडभाऊ? तुमच्याच साइटवरचं त्या रोगाचं पान वाचून मी लोकायले सांगत होतो. माह्या साइटवर त्याची लिंक बी देल्ली होती. आता दाबलं का 'पान सापडत नाही' म्हणते. मंग मीच एक लिवलं. तवापासून फोनले उसंत नाही."

फोन ठेवल्यावर वैजयंतीने शांतपणे विचारले, "मामाजी, ते पान कुठं गेलं?"

"काढलं. रोपं विकतो आपण. तिथं रोगाचे फोटू कायले? गिऱ्हाईक भेते न. जराशी साफसफाई केली."

"तुमी तर म्हणले, काही बदललं नाही."

"बदललं नाहीच. काढलं."

काढलेली पाने साइटच्या कचरापेटीत तीस दिवस राहतात. विसावा दिवस होता. वैजयंतीने ते पान जुन्याच पत्त्यावर परत ठेवले. शोधयंत्राला त्याची दखल घ्यायला पाच दिवस लागले. बारा जूनला एकोणीस फोन आले, सतराला शेवटचा ट्रे मंगरूळपीरला गेला. लिंबू अजून राउटरला आहे. श्रेय कोणाचे, यावर कस्तुराबाई चर्चा करत नाहीत.

"अजून दोन-चार रोग लिव न, बाई," उकंडराव हल्ली सुचवतात. "वांग्याचे बी टाक. मोठे फोटू टाक."

फोन आटण्याचे कारण असे होते. रोपे हवीत म्हणून त्या साइटवर फारसे कोणी येत नव्हते. आपल्या झाडाला काय झाले ते शोधत लोक त्या एका पानावर येत, वाचत, आणि खाली दिलेल्या नंबरवर नवी रोपे मागवत. सतरा मेला उकंडरावांनी ते पान काढले. काही दिवसांत शोधयंत्रानेही ते वगळले.