सेतूरावांचं अस्वल

अख्खं कुंभकोणम तंबूतल्या सिनेमाला जाई ते पडद्यावरची नटी बघायला. आमचे शेजारी सेतूराव जात ते अस्वल बघायला.

मुख्य चित्रपटाआधी तंबूवाले नायडू हातानं काढलेल्या हलत्या चित्रांचा एक छोटा विलायती फार्स दाखवत. त्यात एक अगडबंब अस्वल आणि एक मुठीएवढा बेडूक. अस्वलानं बेडकाला पकडायला धावावं आणि स्वतःच विहिरीत, पिंपात नाहीतर पेटत्या चुलीवर पडावं. तंबूत नवं रीळ आलं की पडायची जागा तेवढी नवी. ते संपलं की सेतूराव उठत, धोतर झटकत आणि ऐन चित्रपट सुरू होताना घरची वाट धरत.

"अहो, तिकीट तरी वसूल करा," मी म्हणे.

"पुढे बघायचं काय? ती बाई रडणार, तो बुवा गाणार. कोणी पडत नाही, झडत नाही!"

सेतूराव गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. माणसांशी बोलणं तुटक. पण सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून कोणी लंगडा बैल घेऊन आला, तर आधी बैलाची विचारपूस, मग मालकाची. तंबूतही तोच खाक्या. आम्ही मंडळी पिढ्यानपिढ्या तिथलीच, घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलणारी. पण अस्वल जिन्यावरून गडगडलं की सेतूरावांना घर-बाहेरचं भान राहत नसे. "अय्यो, पावम्!" एवढा तमिळ उसासा टाकून पुढचं सगळं मराठीत. "बिचारं! हलवू नका त्यास! मागचा पाय बघा आधी! हां... हाड शाबूत आहे!" वाळूवर बसलेले लोक अस्वलापेक्षा त्यांनाच जास्त हसत.

बेडकावर मात्र त्यांचा भारी राग.

"न्यायाची गोष्ट बोला, मास्तर," मला वाटेत अडवून ते म्हणत. "पडलं तर लागणार कोणास? जड त्यासच ना? ते मेलं बेडूक कापसासारखं. त्यास हसायला काय जातंय?"

"पण सेतूराव, अस्वल त्याला खायला निघालंय."

"खाल्लं का कधी? एकदा तरी? मग!"



एका संध्याकाळी अस्वल कड्यावरच्या वाळक्या फांदीला लोंबकळत होतं. फांदी कडकड वाजत होती. तेवढ्यात पडद्याच्या मधोमध तपकिरी डाग उठला आणि पसरत गेला. रीळ पेटलं होतं. नायडूंच्या माणसांनी वाळू टाकून आग विझवली, धूर पांगला, आणि लोक ओरडू लागले, "पिक्चर लाव, पिक्चर!"

सेतूराव थेट मशीनपाशी. "अस्वल पडलं की नाही?"

"स्वामी, बसा. पिक्चर लावतो," नायडू म्हणाले.

"पिक्चर नको मजला. अस्वलाचं काय जाहलं ते सांगा."

नायडूंनी मशीनवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला काय ठाऊक? माझं लक्ष दिव्यावर. पडद्याकडे बघतो कोण?"

सेतूराव तसेच बाहेर पडले. उपरणं बाकावरच राहिलं. ते घेऊन मी मागोमाग निघालो.

त्यांच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. आक्का लहानपणीच विधवा झालेली. केशवपन, तांबडं लुगडं. देवळाखेरीज उंबरा ओलांडायचा नाही, परका पुरुष आला की आत जायचं. भिंतीला भिंत लागून राहूनही मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी ऐकला. ती खदखदून हसत होती.

दार उघडं होतं. आत सेतूराव धोतराचा काचा मारून, झोपाळ्याच्या कड्यांना लोंबकळत होते. पाय हवेत झाडत होते. समोर आक्का, पदर तोंडात कोंबून, डोळे पुसत बसलेली.

"पुढे?" तिनं नेहमीचंच असल्यासारखं विचारलं. "पडलं काय रे?"

पुढचं सेतूरावांना ठाऊक नव्हतं. तोंडानं "कडकड, कडकड" करत ते वेळ काढत होते. कड्यांवरची पकड सुटत चालली होती. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. आक्कालाही दिसलो. तिचं हसू विझलं. डोक्यावर पदर ओढून ती उठायला लागली.

मला काय झालं कोण जाणे. मी उंबऱ्यावर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "डराँव!"

आक्का अर्धवट उठलेली, भिंतीला हात लावून तशीच थांबली. मी एक उडी मारून आत आलो. दुसरी मारली. मास्तराला बेडूक होणं सोपं नसतं. तिसऱ्या उडीला मी पाण्याच्या घंगाळावर जाऊन आदळलो.

पदराआडून फस्सकन आवाज आला. आक्का परत खाली बसली होती.

"लवकर ये रे बेडका," ती मला म्हणाली. "दमलंय ते. खालून धर त्यास."

मी धरलं. अस्वल खरोखरच जड होतं.