मशीनला नारळ

यंदा दसऱ्याला मी ठरवलं, गाडीची पूजा रीतसर करायची. सगळं तिथून सुरू झालं.

गाडी माझ्या मुलाची, धनेशची. जुनीच घेतली त्याने. आजूबाजूच्या सोसायट्यांतली माणसं गाडीची पूजा करतात म्हणजे बॉनेटवर हार टाकतात आणि पेढे खातात. मला ते पटत नाही. मी सारसोळ्याचा कोळी, जन्म होडीवर गेला. आमच्या घरात दसऱ्याला पूजा मशीनची, म्हणजे इंजिनाची होते. काम ते करतं, मान त्याचा.

मी बॉनेट उघडलं. मशीनवर प्लॅस्टिकचं झाकण होतं, ते काढलं. (देव झाकून ठेवून कोण पूजा करतं?) हळदकुंकू वाहिलं, मशीनच्या कडेवरच नारळ फोडला आणि सगळं पाणी त्याच्या डोक्यावर घातलं. झाकण परत बसवलं. मशीन प्रसन्न दिसलं.

दुसऱ्या दिवशी करंजाड्याला जायचं होतं. धनेशने तिथली ईश्वरी पसंत केली होती. तिचे वडील कमळाकर आम्हाला बघून होकार द्यायचा की नाही ते ठरवणार होते. माझी बायको जमुना म्हणाली, "टॅक्सी करा. टेन्शन नको."

"सोयरिकीला आपल्या गाडीनं जायाचं," मी म्हणालो. विषय संपला.

बेलापूर ओलांडलं आणि गाडी थरथरायला लागली. थंडी भरलेल्या माणसासारखी.

"मिसफायर होतंय," धनेश म्हणाला.

"गप. एक सिलिंडर मेलाय. चाराचं मशीन तिनावर चाललंय." (हे खरं निघालं. यापुढे मी बोललेलं काही खरं निघालं नाही.)

"पण का?"

"डिझेलला हवा धरली."

"बाबा, गाडी पेट्रोलची आहे."

"मग पेट्रोलला धरली."

समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"बघ, बॅटरी शाबूत हाय," मी त्याला धीर दिला.

खारघरजवळ धनेशने गाडी कडेला घेतली. तेवढ्यात कमळाकरांचा फोन आला. तो मीच घेतला.

"खारघरला अडकलोय. पेट्रोलमदी पानी हाय," मी सांगितलं. "पंपवाले चोर लेकाचे! पन तुमी काळजी करू नका, मी मशीनवाला मानूस हाय."

"थांबा, मीच येतो," ते म्हणाले.

आता अब्रूचा प्रश्न होता. ते यायच्या आत मशीन चालू पाहिजे. मी धनेशकडे पाना मागितला, त्याने दिला नाही. मग टाकीतलं पाणी पेट्रोलमध्ये नीट मिसळावं म्हणून मी जमुनाला डिकीशी उभं करून गाडी हलवायला लावली.

"अवो, पोराच्या सोयरिकीला आलेय मी, का खलाशी म्हनून?" नव्या पैठणीत गाडी हलवत ती म्हणाली. मग एकदम थांबली. नाक वर केलं. तिच्या नाकाला सगळा बाजार घाबरतो. टोपलीवरून जाताना मासळी शिळी की ताजी ते ती सांगते.

"कोन तरी खोबरा भाजतंय," ती म्हणाली.

"हायवेवर?"

"वाटनाचा वास हाय. जरा करपलाय."

वास घेत घेत ती बॉनेटपाशी आली. नेमके तेव्हाच कमळाकर स्कूटरवरून उतरले. धनेशने बॉनेट उघडलं, प्लॅस्टिकचं झाकण काढलं, प्लगवरचं काळं टोपण उपसलं. प्लगच्या खड्ड्यात पाणी होतं. पाण्यावर कुंकू. शेजारी, गरम मशीनला चिकटलेला खोबऱ्याचा तुकडा. छान तांबूस.

"बाबा, हे पाणी पंपवाल्याने घातलं का?"

"होडीचं मशीन आख्खा जन्म पान्यात असतं," मी म्हणालो. "त्याला काय होत नाय."

"त्याला प्लग नसतो, बाबा! हा भिजला की ठिणगीच पडत नाही."

(डिझेलच्या मशीनला प्लग नसतो हे मला माहीत होतं. पेट्रोलच्या मशीनला असतो, हे नव्हतं.)

कमळाकरांनी त्या खड्ड्यात वाकून पाहिलं. मला वाटलं, गेली सोयरीक.

"पूजा केली होती?" त्यांनी विचारलं.

"केली."

"आतून?"

"आतूनच करतात."

कमळाकर बॉनेट धरून हसायला लागले. जमुना हसली. धनेश तर रस्त्याच्या कडेला बसलाच. मी हसलो नाही.

"मुलगी द्यायला आमची हरकत नाही," कमळाकर डोळे पुसत म्हणाले. "तुमच्या घरात तिला कंटाळा यायचा नाही."

खड्डा पुसायला फडकं नव्हतं. माझा नवा रुमाल गेला. मशीन मात्र चारावर चालायला लागलं.

करंजाड्याला जेवण झालं, तारीख ठरली. निघताना रीतीप्रमाणे कमळाकरांनी माझ्या हातात नारळ दिला. तो घेऊन मी जिना उतरलो आणि गाडीकडे निघालो.

जमुना, धनेश आणि कमळाकर, तिघंही धावत पुढे गेले आणि बॉनेटसमोर हात पसरून उभे राहिले.

मी फक्त गाडीत बसायला चाललो होतो. पण ऐकतो कोण? जमुनाने नारळ काढून घेतला आणि तो मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. मला मागे बसवलं, बॉनेटपासून लांब.