खोकडांचे गवंडी

खोकडाच्या बिळाजवळ गेले की हसनचाचा आधी मोठ्यानं खाकरायचे.

"अरं, घर हाय त्ये. दुसऱ्याच्या दारात असं मुकाट जातंय व्हय कोन?"

कागलजवळच्या आमच्या माळावर आता माती अशी उरलेलीच नाही. थोडी पावसानं ओघळी पाडून नेली, खालचा मुरूम रस्त्यांनी नेला. कुसळी गवताच्या चार तुकड्यांत तेवढी खोकडं तगून होती. कोल्ह्याहून लहान, शेपटीचं टोक काळं. चाचा जन्मभर गवंडी. बिळंही ते गवंड्याच्याच नजरेनं बघत.

"तीन दारं, आनि पानी एकातबी शिरत न्हाय. आमच्या इंजिनिअरला जमलं न्हाय बघ कधी."

आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर मी. चाची वारल्यावर चाचांनी पुढची खोली मला अभ्यासाला दिली, म्हणून बीए झालो. ते मला 'ग्रॅज्वेट' म्हणत आणि रोज सकाळी माळावर नेत. त्यांच्या मुली हुपरीला सासरी. "त्यास्नी येळ न्हाय," म्हणत, "खोकडास्नी हाय."

यंदा एका बिळात तीन पिल्लं झाली. त्याच आठवड्यात मुरूम काढणारं मशीन माळावर आलं. चाचांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुपारी घमेलंभर फक्की, म्हणजे चुन्याची पूड, घेऊन ते गेले आणि बिळाभोवती झकास गोल रेघ मारून आले.

"आता कोन हात लावतोय, बघू की!"

सकाळी गेलो, तर मशीन त्या गोलातच उभं. पुढ्यात कमरेएवढा खड्डा.

"फक्की बघूनच खनलं की चाचा," ड्रायव्हर म्हणाला. "खनायचं तितंच मारत्यात न्हवं?"

चाळीस वर्षं चाचांनी जिथं फक्की मारली, तिथं पाया खणला गेला होता. हे त्यांना आत्ता आठवलं.

"तुझी न्हाय रं चूक," ते ड्रायव्हरला म्हणाले आणि खड्ड्यात उतरून हातांनीच मुरूम उपसू लागले. मीही उतरलो. बऱ्याच वेळानं ते थांबले.

"ग्रॅज्वेट, तुझं कान तरनं हाईत. ऐक."

मी मुरमाला कान लावला. आत काहीच नव्हतं.

"हलतंय," मी म्हणालो.

चाचांची नखं फुटली होती. ते माझ्याकडं बघत राहिले.

"खोटं बोलतोस," ते म्हणाले. "पर आनि एकदा म्हन."